भाव बघून लावायचं की माणूस बघून?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई जुन्नर तालुक्यात बावीस वर्षं भाजीपाल्याची रोपवाटिका चालवतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २६ वर्षांचा, सिन्नर तालुक्यातला. कृषी पदवी घेऊन घरची सहा एकर बघतो. २०२३ च्या जुलैत आमच्या शिवारातल्या एका बागायतदार आण्णांचे टोमॅटोचे चांगले पैसे झाले. त्यांचं बघून चुलत्यांनी दोन एकर टोमॅटो लावला. सप्टेंबरात तोडणीची मजुरीसुद्धा निघाली नाही. तेव्हापासून मी रोज बाजार समितीचे दर उतरवून घेतो, मोठा तक्ता तयार झालाय. पण चुलते अजून म्हणतात, "तक्ता राहू दे, आण्णांच्या वावरात काय चाललंय ते बघून ये." तक्त्याचं ऐकू की चुलत्यांचं?

उत्तर : तुला अरे-तुरे केलं तर चालेल ना? माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस. पत्र वाचून पहिल्यांदा तुझ्या चुलत्यांचं वाईट वाटलं, कारण त्या जुलैत त्यांच्यासारखे कितीतरी जण माझ्या गेटपाशी उभे होते. माणूस बघण्यात त्यांची चूक झाली नाही. त्यांनी आण्णांना मिळालेला भाव बघितला, आण्णांची लावणीची तारीख विचारली नाही.

२०२३ चं वर्ष मला पानापानाने आठवतं, आमच्या बुकिंगच्या वहीत ते जसंच्या तसं उतरलंय. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोला कोणी विचारत नव्हतं. नाशिक भागात लोकांनी माल रस्त्याकडेला ओतला, काहींनी उभ्या प्लॉटमध्ये जनावरं सोडली. माझ्या वहीची मे महिन्याची पानं जवळजवळ मोकळी आहेत. ट्रेमधली तयार रोपं न्यायला कोणी आलं नाही. टोमॅटोचं रोप साधारण पंचवीस दिवसांत लावणीला येतं, त्यापुढे ते ट्रेमध्ये राहिलं की नुसतं उंच वाढतं, देठ बारीक होतो, खालची पानं पिवळी पडतात. आमच्याकडे त्याला रोप लांबडं झालं म्हणतात. असे ट्रेच्या ट्रे मी बायकांकडून मागच्या खड्ड्यात रिकामे करून घेतले. ज्यांनी लावलं होतं त्यांतल्या बऱ्याच जणांनी भाव नाही म्हणून फवारणी सोडली होती. वर उन्हाचा तडाखा आणि व्हायरस. म्हणजे जुलैत बाजारात माल थोडा येणार हे मेमध्येच ठरून गेलं होतं. दराच्या कुठल्याही तक्त्यात ते दिसत नव्हतं. माझ्या खड्ड्यात मात्र दिसत होतं, आणि मलाही ते तेव्हा कळलं नाही.

जूनच्या शेवटी भाव हलले. जुलैत आमच्या नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव निघू लागला. आमच्याच जुन्नर तालुक्यातल्या एका कुटुंबाने बारा एकरांतल्या टोमॅटोचे महिन्याभरात दीड कोटी केले, ही बातमी देशभर गेली. त्यानंतर आमचा फोन थांबेना. पहाटे सहाला गेटपाशी पिकअप लागलेल्या असायच्या. एक गृहस्थ थेट शेडमध्ये आले आणि म्हणाले, "ताई, लांबडी असली तरी चालतील, द्या." दोन महिन्यांपूर्वी तीच रोपं मी खड्ड्यात टाकली होती.

आता तू तारखा मांड. लावणीपासून पहिला तोडा यायला साठ-पासष्ट दिवस लागतात. जुलैत ज्यांचा माल बाजारात होता त्यांनी साधारण एप्रिल-मेमध्ये लावलं होतं, म्हणजे बाजार पडलेला असताना. बातमीतल्या त्या कुटुंबानेही. बातमी वाचून जुलैत लावणाऱ्याचा पहिला तोडा सप्टेंबरच्या पुढे. आणि ती बातमी एकट्या तुझ्या चुलत्यांनी वाचली नव्हती. नाशिक जिल्ह्यात टोमॅटोचं सरासरी क्षेत्र सतरा हजार हेक्टरच्या आसपास असतं, त्या वर्षी ते पस्तीस हजारांवर गेल्याचे कृषी विभागाचे आकडे सप्टेंबरात वर्तमानपत्रांत आले. दुप्पट रान. पिंपळगाव, नाशिक, लासलगावच्या बाजारांत दोन हजारांचं कॅरेट सहा आठवड्यांत सरासरी नव्वद रुपयांवर आलं. किलोला साडेचार रुपये. त्यात तोडणी, भाडं, हमाली कुठून निघणार?

शिवाय मधल्या काळात सरकारही गप्प बसलं नव्हतं. जुलैच्या मध्यापासून दिल्लीसह काही शहरांत केंद्राने सवलतीत टोमॅटो विकायला काढला, सुरुवातीला नव्वद रुपये किलोने. ऑगस्टमध्ये नेपाळहून आयातीची घोषणा झाली. भाव डोक्यावरून गेला की शहरातून ओरड होते आणि कोणीतरी हात घालतं. कांद्यावर २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हाही हेच झालं. तुझ्या तक्त्यात या घटनांसाठी वेगळा रकाना कर. नाहीतर भाव का पडला ते दोन वर्षांनी तुलाच आठवणार नाही.

आता तुझ्या तक्त्याकडे येऊ. पणन मंडळाच्या पानावर चार आकडे असतात : आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. गावात फिरतो तो जास्तीत जास्त दर. तो दर कदाचित पाच-दहा कॅरेटांनाच मिळालेला असतो, एकसारख्या रंगाच्या निवडक मालाला. तू सर्वसाधारण दर धर. दुसरं, तक्त्यातला दर क्विंटलचा असतो आणि लिलाव कॅरेटवर होतो. क्विंटलला हजार म्हणजे कॅरेटला दोनशे. हा साधा भागाकार न केल्यामुळे मोठ्या आकड्याला भुललेले लोक मी बघितलेत. तिसरं, आवक बघितल्याशिवाय दर बघूच नको. आवक थोडी आणि भाव चढा असेल तर तो भाव टंचाईचा आहे, पुढचा माल आला की उतरणार. आवक वाढतेय आणि तरी भाव धरून आहे, तर खरी मागणी आहे, बाहेरच्या राज्यांतले व्यापारी उतरलेत. दोन्ही वेळा दराचा आकडा एकच असू शकतो.

एवढं करूनही तो तक्ता झालेल्या गोष्टींचाच. पुढचं हवं असेल तर तुझ्या भागातल्या तीन-चार रोपवाटिकांमध्ये दर आठवड्याला चक्कर मार आणि टोमॅटोची किती रोपं बुक झाली ते विचार. एकराला साधारण पाच-सहा हजार रोपं लागतात, त्यावरून किती एकर लागणार हे तुलाच काढता येईल. बियाण्याच्या दुकानात कुठल्या पाकिटाची वाट बघावी लागतेय, बांबू आणि सुतळीचा दर का वाढला, मल्चिंगचा म्हणजे तण दाबायला बेडवर अंथरायचा कागद कोण नेतंय, तेही विचार. हे आकडे दोन-तीन महिने पुढचे असतात. लिलावाच्या आवारात येणारा माल आधी आमच्या शेडमध्ये ट्रेमध्ये उभा असतो.

आणि आता तुझे चुलते. त्यांची बाजूही मला घ्यायची आहे, कारण शेतात माणसाचं बघून शिकण्याइतकी जुनी आणि खात्रीची शाळा नाही. काही वर्षांपूर्वी मी विद्यापीठाच्या एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथल्या प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याची गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तिथे १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचं बियाणं आलं. रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी दोन भागांतल्या २५९ शेतकऱ्यांना विचारलं की हे बियाणं तुम्ही कधी घेतलं, कोणाकडून कळलं, कोणामुळे पटलं. १९४३ मध्ये त्यांनी ते छापलं. कळलं बहुतेकांना विक्रेत्यांकडून, पटलं मात्र शेजाऱ्यामुळे. आणि पटल्यावरही पहिल्याच वर्षी सगळं रान त्याखाली घातलं नाही, थोडं लावून बघितलं, मग वाढवलं. शेवटी २५९ पैकी दोघंच ते न घेतलेले राहिले. नव्या गोष्टी कशा पसरतात याचा पुढे आयुष्यभर अभ्यास केलेले एव्हरेट रॉजर्स त्याच आयोवातल्या शेतकऱ्याचे मुलगे. त्यांच्या वडिलांनी संकरित मका वर्षानुवर्षं नाकारला. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्यांचा मका उभा राहिला आणि यांचा वाळला, तेव्हा घेतला.

ही गोष्ट ऐकताना मला आमच्याकडच्या मल्चिंगची आठवण झाली. पहिल्यांदा एका घराने बेडवर कागद अंथरला तेव्हा लोक कुंपणापाशी थांबून बघत. तण कमी झालं, पाणी कमी लागलं. पुढच्या वर्षी शेजारी आठ ओळींवर, त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्या प्लॉटवर. कोणाचंही नुकसान झालं नाही. शेजाऱ्याने कागद अंथरला म्हणून माझ्या बेडवर तण जास्त उगवत नाही. भावाचं तसं नाही. आण्णांचा टोमॅटो आणि तुमचा टोमॅटो एकाच आवारात, एकाच व्यापाऱ्यापुढे उभा राहतो. बघून लावणारे जितके जास्त, तितका प्रत्येकाचा भाव कमी. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. भावाच्या मागे धावताना पुढचा सुखरूप निघून जातो, ठेच मागच्याला लागते. डुकरांच्या आणि बटाट्याच्या बाजारात परदेशी लोकांनी हे १९३० च्या दशकातच कागदावर काढून बघितलं. भाव आणि माल यांच्या रेषा काढत गेल्या की कोळी किड्याचं जाळं दिसतं, म्हणून त्याला नावच कोळ्याचं जाळं पडलं.

तेव्हा आण्णांच्या वावरात जरूर जा. पण त्यांची जमीन तुमच्यासारखी आहे का, विहिरीला मार्चमध्ये पाणी किती, घरची माणसं किती, हे आधी बघ. हरितक्रांतीच्या वेळी गव्हाच्या पट्ट्यातले शेतकरी शेजाऱ्याचा अनुभव बघून भराभर नव्या वाणाकडे वळले. भाताच्या पट्ट्यातले तसे वळले नाहीत, त्यांनी स्वतःच्या खाचरात थोडं थोडं लावून बघितलं. अर्थशास्त्रज्ञ कैवान मुन्शी यांनी २००४ मध्ये हे दाखवून दिलं, आणि कारण आपल्याला समजेल असंच आहे : भाताचे ते वाण माती आणि पाण्याच्या फरकाला नाजूक होते, बांधापलीकडचं पीक आपल्याकडे तसंच येईल याची खात्री नव्हती. टोमॅटो माझ्या मते भातासारखा. चुनखडीच्या रानात जे वाण हसतं ते पाणी धरून बसणाऱ्या काळ्या चिबड रानात मान टाकतं.

आण्णांना पैसे किती झाले विचारू नकोस. रोप कधी बुक केलं, लावणी कोणत्या आठवड्यात, पहिला तोडा कधी, किती तोडे झाले, हे विचार. आणि त्यांचा जीव तुझ्यावर बसला की पट्ट्या म्हणजे माल विकल्याच्या पावत्या मागून बघ, एक-दोन चांगल्या नव्हे, हंगामाच्या सगळ्या. पट्टीवर वजन असतं, दर असतो, कापलेली हमाली असते. मला जी माणसं खरंच तरलेली दिसतात त्यांच्या पट्ट्यांमध्ये दोन हजारांचा भाव क्वचित असतो. दरवर्षी तेवढंच रान, साधारण त्याच आठवड्यांत लावणी, बाजार पडला तरी फवारणी चालू, असं त्यांचं असतं. तुझे आण्णा त्यांतले असतील तर चुलत्यांनी माणूस बरोबर निवडलाय. तुझा तक्ता घेऊन दोघं मिळूनच जा.

प्रश्न : ताई, आमच्या मालकांनी मोबाईलवर ड्रॅगन फ्रूटचे व्हिडिओ बघून एक एकर लावायचं मनात धरलंय. व्हिडिओतला माणूस एकरी दहा लाख म्हणतो. आमच्याकडे गायींचं दूध आणि थोडा ऊस आहे. मी नको म्हटलं तर घरात भांडण होतं. कसं सांगू? — एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : नको म्हणू नका, हिशोब मागा. सिमेंटचे खांब, वरची कडी, रोपं, ठिबक, एवढा खर्च पहिल्याच दिवशी होतो आणि फळ हाती यायला दुसरं-तिसरं वर्ष उजाडतं. तोवर गायींचा चारा त्याच घरातून जायचा आहे. ड्रॅगन फ्रूट वाईट नाही, आपल्या दुष्काळी भागात कितीतरी जणांनी ते नीट सांभाळलंय.

मला त्यात एकाच गोष्टीची भीती वाटते. मालकांना विचारा, व्हिडिओतल्या माणसाचे दहा लाख फळांचे की रोपांचे? सुरुवातीला लावणारा कांडी छाटून रोपं विकतो. ती फळापेक्षा जास्त पैसे देतात आणि ती घेणारे तुमच्यासारखे नवीन लोक असतात. खाणारा गिऱ्हाईक अजून यायचाच असतो. २०१० ते २०१२ च्या सुमारास इमू पाळायची लाट आली होती, आठवतंय? जोड्या घेतल्या, पिल्लं विकली, पिल्लं घेणारे पुन्हा नवीन पाळणारेच. मांसाला आणि तेलाला गिऱ्हाईक कोण, हे कोणी विचारलं नाही. नवीन पाळणारे संपले त्या दिवशी बाजार संपला. आमच्या नात्यातल्या एका घराने शेवटी ते पक्षी मोकळे सोडून दिले, आणि त्या माउलीचं मंगळसूत्र अजून सोडवायचं आहे.

व्हिडिओ ज्याचं चांगलं झालं त्याचाच निघतो. म्हणून मालकांना घेऊन दोन प्लॉट बघायला जा, एक व्हिडिओतला आणि एक त्याच गावातला, ज्याने त्याचं बघून लावलं तो. दुसऱ्या घरी बाईशी बोला. बायका खर्चाचं खरं सांगतात. तरीही मन होत असेल तर बांधाच्या कडेने वीस खांब उभे करा आणि दोन पावसाळे बघा. एवढ्याला कोणी नाही म्हणणार नाही, आणि भांडणही होणार नाही.

प्रश्न : तुम्ही स्वतः रोपं विकता. लोकांनी जास्त लावलं तर तुमचाच फायदा. मग तुमच्या सल्ल्यावर आम्ही विश्वास का ठेवावा? राग मानू नका. — एक वाचक, आंबेगाव तालुका

उत्तर : राग नाही. हा प्रश्न मला २०२३ च्या दिवाळीत एका शेतकऱ्याने तोंडावर विचारला होता, तुमच्यापेक्षा कडू शब्दांत. "ताई, वही तुमच्याकडे होती. एवढं बुकिंग बघून तुम्हाला कळलं नव्हतं का?"

कळलं होतं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं होतं. एरवी पूर्ण पावसाळ्यात होतं तेवढं बुकिंग त्या महिन्यात झालं होतं, आणि आजूबाजूच्या रोपवाटिकांतही तेच चालू होतं हे मला माहीत होतं. मी कोणाला काही बोलले नाही. मेमध्ये मलाही फटका बसला होता, बायकांचे दोन महिन्यांचे पगार राहिले होते, तो खड्डा भरून निघत होता. आणि मनात असंही होतं की मी नाही दिली तर पुढच्या शेडमध्ये मिळतील. त्या शेतकऱ्याला मी हेच सांगितलं. तो काही बोलला नाही, चहाही न घेता गेला.

त्यानंतरच्या जानेवारीत मी गेटच्या आत एक काळा फळा लावला. दर शनिवारी संध्याकाळी त्यावर आमच्याकडचं बुकिंग लिहितो : टोमॅटो, मिरची, कोबी, झेंडू, किती रोपं आणि कोणत्या आठवड्यात लावणीला जाणार. शेजारी मागच्या वर्षीचा त्याच आठवड्याचा आकडा. घरातून विरोध झाला. फळा वाचून काही लोक खरोखर मागे फिरले, काहींनी टोमॅटोऐवजी कोबी नेला. माझं बुकिंग कमी झालं, ते मी लपवत नाही. पण जी माणसं गेली त्यांतली बरीच परत आली, आणि आता लावणी पंधरा दिवस मागेपुढे करू का, असं विचारतात. पूर्वी कोणी विचारत नव्हतं.

एक अडचण मात्र सांगायला हवी, ती मी अजून सोडवू शकलेले नाही. मागच्या उन्हाळ्यात फळ्यावर टोमॅटोचा आकडा फार कमी होता. कोणीतरी त्याचा फोटो काढून गटावर टाकला, खाली लिहिलं, "ताईंकडे बुकिंग नाही, यंदा भाव निघणार." चार दिवसांत फोन सुरू झाले. म्हणजे फळाच आता आण्णा झाला! लोक आकडा बघून धावले आणि त्या धावण्याने आकडा खोटा ठरला. तेव्हापासून फळ्यावर तारीख मोठ्या अक्षरांत असते, आणि बुधवारी मध्येच एकदा पुसून नव्याने लिहितो. दोन शेजारच्या रोपवाटिकांनाही त्यांचे आकडे मागितलेत. एकाने हो म्हटलंय, दुसऱ्याचा मुलगा अजून वडिलांना समजावतोय.

विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. या, फळा बघा, आणि मागची वही मागा. २०२३ ची सुद्धा मिळेल, मे आणि जुलैची पानं शेजारी शेजारी ठेवून बघा. बुधवारी आलात तर खडू माझ्याच हातात असेल.